टाकी भरली की बोंब: आर्डुइनोची पहिली ओळख, पायरी-पायरीने

आमच्या इमारतीत सकाळी साडेसहाला मोटर लागते आणि सातच्या सुमाराला गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते. वाहत्या पाण्याचा आवाज सगळ्यांत आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंना येतो. त्या जिन्यातून हाका मारतात, मग खालचं कुणीतरी चपला शोधत मोटर बंद करायला धावतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मी आर्डुइनोवर केलेली पहिली कामाची वस्तू म्हणजे काकूंना या ड्युटीतून मोकळं करणारा एक बझर. या लेखात तिथपर्यंतच जायचं आहे: कोऱ्या बोर्डापासून टाकीच्या बझरपर्यंत. रोबो, ड्रोन, स्मार्ट होम वगैरे नंतर बघू.

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असण्याची गरज नाही. शाळेत बॅटरी आणि बल्ब जोडला असेल, तेवढ्यावर भागतं. कोडिंगही आधी केलेलं नसलं तरी चालेल. एकच पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला, बदल केल्यावर चालवून बघा, मगच पुढे जा. नवशिक्यांचे जे प्रोजेक्ट अर्धवट राहतात, त्यांतले बहुतेक एकदम पाच गोष्टी जोडल्यामुळे राहतात. चूक नेमकी कुठे आहे हे मग शोधताच येत नाही.

आधी हे आहे काय

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला अगदी छोटा संगणक. वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, एसीचा रिमोट, या सगळ्यांच्या पोटात तो असतो. नुसती चिप हाताळणं नवख्या माणसाला जड जातं, म्हणून तिच्याभोवती वीजपुरवठा, यूएसबी आणि तारा खुपसायला खाचा (यांनाच 'पिना' म्हणतात) अशी सोय करून बोर्ड बनवतात. आर्डुइनो हा अशाच बोर्डांचा एक परिवार. २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत तो जन्मला. इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांना वस्तूंमध्ये हालचाल आणि उजेड आणता यावा, हा मूळ हेतू. नाव आलं गावातल्या एका बारवरून, आणि बारला नाव होतं अकराव्या शतकातल्या आर्दुइन राजाचं.

या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट अशी की बोर्डाचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. त्यामुळे तसाच बोर्ड कुणीही बनवून विकू शकतो, फक्त आर्डुइनोचं नाव आणि चिन्ह वापरता येत नाही. बाजारात जे 'क्लोन' मिळतात ते हेच. काही शेकड्यांत मिळणारा क्लोन शिकायला पुरेसा असतो. अस्सल बोर्ड त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. पहिला बोर्ड माझ्या हातून जळला होता, आणि तो क्लोन होता याचं मला तेव्हा फार समाधान वाटलं.

आपण घेणार आहोत तो उनो. इटालियनमध्ये 'उनो' म्हणजे एक. उनोच्या आर-थ्री आवृत्तीत ॲटमेगा ३२८पी ही चिप असते. तिचा वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅम साठवायला ३२ केबी आणि काम करताना लागणारी स्मृती फक्त २ केबी. म्हणजे किती? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, संगणकात सहसा ३ बाइट घेतं. २०४८ बाइटांत अशी ६८२ चिन्हं बसतात. हा लेख त्या स्मृतीत ठेवायचा म्हटलं तर आत्तापर्यंतचा भागही मावणार नाही. तरीही टाकी सांभाळायला, झाडांना पाणी घालायला, जिन्यातला दिवा लावायला ती भरपूर होते.

इएसपी ३२ किंवा रास्पबेरी पाय पिको का नाही, असं कुणीतरी विचारेलच. दोन्ही बोर्ड उत्तम आहेत. इएसपी ३२ मध्ये वायफाय असतं, आणि टाकी भरल्याचा संदेश मोबाइलवर हवा असेल तर पुढे तोच घ्यावा. पण हे दोघे ३.३ व्होल्टवर चालतात. त्यांच्या पिनेला चुकून ५ व्होल्ट लागले तर पिन कायमची जाऊ शकते. उनो ५ व्होल्टवर चालतो आणि बऱ्याच चुका पोटात घालतो. पहिल्या महिन्यात चुका होणारच.

खरेदी

'३७ सेन्सर एका डब्यात' असा किट घेऊ नका. त्यातले तीस सेन्सर डब्यातच राहतात, आणि 'एवढं सगळं कधी शिकणार' हे दडपण मात्र रोज दिसतं. पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, इथे सुटा माल मिळतो. इतर गावांत टीव्ही दुरुस्तीच्या सामानाचं दुकान शोधा, नाहीतर ऑनलाइन मागवा. करंट आवरणाऱ्या भागाला दुकानात 'रेझिस्टर' म्हणालात तरी कळतं, पण काउंटरवरचा शब्द 'रेझिस्टन्स' हाच आहे.

यादी छोटी आहे. केबलसह एक उनो, एक ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खुपसून सर्किट जोडायची छिद्रांची पाटी), मेल-मेल म्हणजे दोन्ही टोकांना टोचणी असलेल्या जंपर वायरींचा एक जुडगा. पाच लाल एलईडी. पाव वॉटचे रेझिस्टन्स, २२० ओहमचे दहा आणि १ के म्हणजे हजार ओहमचे दहा. दोन पुश बटणं. ५ व्होल्टचा एक ॲक्टिव्ह बझर, आणि तो 'ॲक्टिव्ह' आहे ना हे विचारूनच घ्या, कारण पॅसिव्ह बझर नुसती वीज दिल्यावर वाजत नाही. बीसी ५४७ नावाचे दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या करंटच्या खुणेवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. एक फ्लोट स्विच. आणि एक स्वस्तातला मल्टिमीटर. त्यावर खर्च करायला लोक का कू करतात, पण तारेची दोन टोकं जोडलेली असली की 'बीप' करणारं त्याचं सेटिंग तुमचे कित्येक तास वाचवेल.

पहिली पायरी: बोर्ड आणि लॅपटॉपची ओळख

आर्डुइनो आयडीई हे सॉफ्टवेअर आर्डुइनोच्या अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवा. बोर्ड केबलने लॅपटॉपला जोडा. बोर्डावर हिरवा दिवा लागेल, तो वीज आल्याचा. मग टूल्स मेन्यूत दोन गोष्टी निवडायच्या: बोर्डमध्ये 'आर्डुइनो उनो', आणि पोर्टमध्ये नव्याने दिसणारं नाव, विंडोजवर कॉम ३, कॉम ५ असं काहीतरी. केबल काढली की यादीतून जे नाव नाहीसं होतं, ते तुमचं पोर्ट.

नावच दिसत नसेल तर दोन संशयित आहेत. पहिला संशयित केबल. उनोचा नेहमीचा चौकोनी सॉकेट प्रिंटरच्या केबलचा असतो, तिथे सहसा अडचण येत नाही. पण काही क्लोनना मायक्रो किंवा टाइप-सी सॉकेट असतो, आणि घरात सापडलेली केबल फक्त चार्जिंगची निघते. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. बोर्डाचा दिवा मात्र झकास लागतो, त्यामुळे केबलवर संशयच जात नाही. मी अशा एका केबलपायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, तीन वेळा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं होतं. दुसरा संशयित ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूशी बोलायला लॅपटॉपला लागणारं छोटं सॉफ्टवेअर. बऱ्याच क्लोनवर यूएसबीसाठी सीएच ३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर विंडोजवर कधीकधी वेगळा टाकावा लागतो. लिनक्सवर पोर्ट दिसतं पण परवानगी नाकारली जाते, तेव्हा स्वतःला 'डायलआउट' गटात घालून पुन्हा लॉगिन करायचं.

दुसरी पायरी: ब्लिंक, पण जरा वेगळं

फाइल मेन्यूत एक्झाम्पल्स, त्यात ०१ बेसिक्स, त्यात ब्लिंक. वरचं बाणाचं बटण दाबलं की प्रोग्रॅम बोर्डात जातो आणि बोर्डावरचा 'एल' नावाचा छोटा दिवा सेकंदभर लागतो, सेकंदभर विझतो.

इथे सगळे टाळ्या वाजवतात. मी म्हणेन, थांबा. बरेचसे नवे बोर्ड कारखान्यातून ब्लिंक घालूनच येतात. म्हणजे दिवा लुकलुकला यावरून तुमचा प्रोग्रॅम आत गेला असं सिद्ध होत नाही. ब्लिंकमध्ये 'डिले' ही आज्ञा दोनदा येते, कंसात १००० हा आकडा असतो. हे मिलिसेकंद आहेत. दोन्हीकडे १०० करा आणि पुन्हा अपलोड करा. दिवा फडफडायला लागला तर आता बोर्ड तुमचं ऐकतो आहे.

कोडचे दोन भाग दिसतील, 'सेटअप' आणि 'लूप'. दुकान उघडताना शटर एकदाच वर करायचं, मग दिवसभर गिऱ्हाईक सांभाळायचं. सेटअप म्हणजे शटर, लूप म्हणजे गिऱ्हाईक. सेटअपमध्ये 'पिनमोड' ही आज्ञा सांगते की अमुक पिन वीज देण्यासाठी आहे की वाचण्यासाठी. 'डिजिटलराइट' पिन चालू-बंद करते, 'डिजिटलरीड' पिन वाचते. आज्ञांची मी इथे उच्चारातली नावं देतो आहे, पण त्या टाइप करायच्या इंग्रजीत आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट अचूक. बरोबर लिहिली की एडिटरमध्ये आज्ञेचा रंग बदलतो. रंग बदलला नाही तर स्पेलिंग तपासा.

मराठी माणसाला हमखास छळणारी चूक म्हणजे कीबोर्ड मराठीवर राहतो आणि कोडमध्ये १००० देवनागरीत उमटतं. मग 'स्ट्रे ३४०' असा अगम्य एरर येतो. त्याचा अर्थ एवढाच की कोडमध्ये संगणकाला न कळणारं अक्षर शिरलं आहे. कीबोर्ड इंग्रजीवर आणून आकडा पुन्हा लिहा की झालं. व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला की गोल अवतरणचिन्हं येतात आणि 'स्ट्रे ३४२' मिळतो, तोही याच जातीचा. दोन तिरप्या रेघांनंतर मात्र बिनधास्त मराठीत टिपणं लिहा, तो भाग संगणक वाचतच नाही. मी लिहितो. दोन महिन्यांनी स्वतःचाच कोड उघडल्यावर ती टिपणं देवासारखी भेटतात.

अपलोड करताना 'नॉट इन सिंक' असं आलं तर घाबरू नका. चुकीचं पोर्ट, चुकीचा बोर्ड, किंवा ० आणि १ या पिनांना काहीतरी जोडलेलं असणं, कारण यांपैकीच एक असतं. त्या दोन पिनांवरूनच बोर्ड लॅपटॉपशी बोलतो, त्यामुळे त्या मोकळ्याच ठेवा.

तिसरी पायरी: ब्रेडबोर्डवर एक एलईडी

ब्रेडबोर्डच्या मधोमध एक खाच असते. खाचेच्या एका बाजूची पाच छिद्रं आडवी आतून जोडलेली असतात, खाचेपलीकडच्या पाचांशी त्यांचा संबंध नसतो. कडेच्या लाल-निळ्या रेघांलगतची छिद्रं उभी जोडलेली असतात. ती वीज आणि ग्राउंडसाठी (ग्राउंड म्हणजे मायनस, वीज परत जायची वाट). काही ब्रेडबोर्डांवर या कडेच्या पट्ट्या मध्यावर तुटक असतात. रेघ मध्येच तुटलेली दिसली तर आतही तुटलेलं आहे असं समजा. विश्वास ठेवू नका, मल्टिमीटरचं बीप लावून बघा. दहा मिनिटं हा खेळ खेळलात की ब्रेडबोर्ड आयुष्यभर कळतो.

एलईडीचा लांब पाय म्हणजे प्लस. उनोच्या १३ नंबरच्या पिनेतून वायर, मग २२० ओहमचा रेझिस्टन्स, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पायातून 'जीएनडी' लिहिलेल्या पिनेला परत. २२० ओहमचे पट्टे लाल, लाल, तपकिरी आणि शेवटचा बहुधा सोनेरी. निळसर रंगाच्या रेझिस्टन्सवर पाच पट्टे असतात, तिथे डोळे ताणण्यापेक्षा मल्टिमीटरने मोजा.

रेझिस्टन्स कशाला? पिनेतून ५ व्होल्ट येतात, लाल एलईडी स्वतःसाठी साधारण २ ठेवून घेतो. उरलेले ३ व्होल्ट भागिले २२० ओहम, म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर. या चिपच्या एका पिनेतून २० पर्यंत घ्यावेत, ४० ही शेवटची हद्द. रेझिस्टन्स न घालता लावलात तर एलईडी झगझगीत पेटेल, कदाचित काही मिनिटं टिकेलही, आणि तुम्हाला वाटेल की पुस्तकं उगाच घाबरवतात. माझा पहिला बोर्ड असाच गेला. तोही लगेच गेला नाही. आधी ती एक पिन मेली, आणि ती मेली आहे हे कळायला मला दोन दिवस लागले, कारण मी कोडमध्येच चूक शोधत बसलो होतो.

चौथी पायरी: बटण, आणि हवेत लटकणारी पिन

इथे घाई करू नका, टाकीचा सगळा खेळ या पायरीवर उभा आहे.

बेसिक्समधलं 'डिजिटलरीडसिरीयल' हे उदाहरण अपलोड करा. २ नंबरच्या पिनेत एक वायर खुपसा आणि तिचं दुसरं टोक कशालाच जोडू नका. आता आयडीईतला सिरीयल मॉनिटर, म्हणजे बोर्ड काय सांगतो ते दाखवणारी खिडकी, उघडा, वेग ९६०० ठेवा. स्क्रीनवर ० आणि १ धावताना दिसतील. वायरीजवळ हात न्या, सोडा, लॅपटॉपचा चार्जर काढा-लावा. आकडे आपल्या मनाने बदलतील. कुणी काही दाबलेलं नाही, तरी बोर्ड कधी 'हो' म्हणतो, कधी 'नाही'. मोकळी पिन म्हणजे एक छोटी अँटेना, घरातल्या विजेची गुणगुण ती पकडते.

तेव्हा पिनेला एक कायमचं घर द्यावं लागतं. सोपी युक्ती चिपच्या आतच आहे. पिनमोडमध्ये 'इनपुट पुलअप' असं लिहिलं की चिप आतून एका रेझिस्टन्सने त्या पिनेला ५ व्होल्टकडे हळूच ओढून धरते. काही जोडलेलं नसेल तर पिन १ वाचते. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये बटण लावायचं. दाबलं की पिन थेट ग्राउंडला जाते आणि ० येतो. हे उलटं वाटतं: दाबलं की ०, सोडलं की १. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा यात गोंधळ होतो.

फाइल, एक्झाम्पल्स, ०२ डिजिटल, त्यात 'डिजिटलइनपुटपुलअप'. हे उदाहरण अगदी हेच करतं. बटण चार पायांचं असेल तर ते ब्रेडबोर्डच्या खाचेवर आडवं बसवा आणि तिरपे समोरासमोरचे दोन पाय वापरा. चार पाय आतून दोन-दोन जोडलेले असतात. तिरपे घेतले की चूक होऊच शकत नाही. एक पाय २ नंबरला, दुसरा जीएनडीला. दाबलं की १३ नंबरचा दिवा लागेल.

पाचवी पायरी: बझर

छोट्या ॲक्टिव्ह बझरला ३० मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतात. आपण २० ची मर्यादा घातली आहे, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर ग्राउंडला. बेसला १ के रेझिस्टन्स लावून त्याचं दुसरं टोक ८ नंबरच्या पिनेला. बझरचा प्लस ५ व्होल्टला, मायनस कलेक्टरला. आता पिनेला बझर चालवायचा नाही, तिने फक्त ट्रान्झिस्टरला खूण करायची आहे. पुढे कधी मोठा भोंगा किंवा रिले (विजेच्या खुणेवर चालणारा स्विच) लावायचा झाला तर हीच मांडणी कामी येईल. रिलेला मात्र उलटा जोडलेला डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतो, तो विसरू नका.

कोडमध्ये १३ हा आकडा तीन ठिकाणी येतो, पिनमोडमध्ये एकदा आणि डिजिटलराइटमध्ये दोनदा. तिन्हीकडे ८ करा. टिपणांतला १३ तसाच राहिला तरी बिघडत नाही. बटण दाबलं की बझर वाजेल. घरातल्यांचा संयम सुटायच्या आत बझरच्या तोंडावर चिकटपट्टी लावा.

सहावी पायरी: टाकी

फ्लोट स्विच म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण. तरंगत्या भागात चुंबक असतो, दांडीत एक बंद काचनळीतला स्विच. चुंबक जवळ आला की आतली पात चिकटते. पाण्याचा विजेशी कुठेच संबंध येत नाही. बरेच जण पाण्यात दोन उघड्या तारा सोडून हे काम करतात. चार दिवस चालतंही, मग तारा हिरव्या पडून खंगतात, कारण पाण्यातून वीज सतत वाहिली की धातू झिजतो. फ्लोट स्विचचे चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

बटणाच्या जागी फ्लोट स्विच लावला की झालं, असं मलाही वाटलं होतं. टाकी भरली की स्विच जुळेल, ० येईल, बझर वाजेल. महिनाभर वाजलाही. मग गच्चीवर पत्रे बदलायला आलेल्या माणसाच्या पायात वायर अडकली आणि तुटली. तुटलेली वायर म्हणजे न दाबलेलं बटण. बझर गप्प, आम्ही निर्धास्त, टाकी दोन दिवस ओसंडत राहिली. काकूंनीही हाका मारणं सोडलं होतं, कारण आता यंत्र होतं ना.

म्हणून उलट करा. टाकी भरलेली नसताना स्विच जुळलेला राहील आणि भरल्यावर सुटेल, अशी मांडणी ठेवा. उभ्या दांडीच्या फ्लोट स्विचमध्ये खालची चकती काढून तरंगता भाग पालथा घातला की स्विचचं वागणं उलटं होतं. आता टाकी भरली तर १, वायर तुटली तरी १, कनेक्टर निसटला तरी १. तिन्ही वेळा बोंब. खोटी बोंब त्रासदायक असते, पण ती ऐकून कुणीतरी गच्चीवर जातं. कोडमध्ये त्यासाठी फक्त डिजिटलराइटच्या दोन ओळींतल्या 'हाय' (म्हणजे १, चालू) आणि 'लो' (म्हणजे ०, बंद) यांची अदलाबदल करायची. टेबलावर बटणाने तपासा: दाबून धरलं की गप्प, सोडलं की बोंब.

गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत माझी वायर अठरा मीटर झाली. लांब वायर म्हणजे पुन्हा अँटेना. चिपच्या आतला पुलअप २० ते ५० हजार ओहमचा असतो, एवढ्या लांब वायरीला ती ओढ फार ढिली पडते. मिक्सर लावला की माझा बझर 'टुक' करायचा. उपाय साधा निघाला: २ नंबरची पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये बाहेरून १ के रेझिस्टन्स. शिवाय वायर एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीची घ्या, टेलिफोन किंवा नेटवर्क केबलमध्ये ती तयारच मिळते.

आणखी एक गोष्ट टेबलावर कळत नाही. नळाचं पाणी वरून पडतं तेव्हा टाकीत लाटा उठतात, फ्लोट वरखाली नाचतो, आणि बझर भरायच्या आधीच अडखळत वाजायला लागतो. लूपमध्ये पिन वाचल्यावर लगेच तीन ओळी घाला: वाचन हाय असेल तर ३००० चा डिले, मग २ नंबरची पिन पुन्हा वाचून तेच वाचन बदलून टाका, आणि कंस बंद. म्हणजे पहिल्या 'भरली'वर विश्वास नाही, तीन सेकंदांनी पुन्हा विचारायचं. टाकीला तीन सेकंदांनी काही फरक पडत नाही.

बोर्डला वीज मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरने यूएसबीतून द्या. गोल सॉकेटमधून द्यायची तर ७ ते १२ व्होल्ट. '५ व्होल्ट' लिहिलेल्या पिनेत १२ व्होल्टचं टोक कधीही नको, त्या वाटेवर अडवायला कुणी नसतं. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी व्हिडिओंमध्ये छान दिसते, पण उनोसारखा बोर्ड तिच्यावर दिवसभरही धड चालत नाही.

आणि मोटर? ती आपोआप बंद करायचा मोह होईल. रिले मॉड्यूल स्वस्त मिळतं, व्हिडिओ ढिगाने आहेत. तरीही पहिल्या प्रोजेक्टमध्ये २३० व्होल्टला हात लावू नका. ब्रेडबोर्डवरची चूक एक एलईडी जाळते, तिथली चूक माणूस जाळते. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याने छोट्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात आणि मोटर बंदच होत नाही. ते काम काँटॅक्टर (जड करंट झेलणारा दणकट रिले) लावून वायरमनकडूनच करून घ्यावं. आपला बोर्ड फार तर त्याला खूण करेल, पुढच्या वर्षी.

बसवताना सगळं प्लास्टिकच्या डब्यात घाला, वायर आत जाते ती जागा खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत शिरणार नाही. ब्रेडबोर्ड कायमच्या कामाचा नाही, वायरी ढिल्या होतात. जमेल तेव्हा सोल्डरिंग शिकून सर्किट भोकांच्या बोर्डावर हलवा. गच्चीवरचा जोड हीट श्रिंक नळीने झाका. वळवाच्या विजा कडकडायला लागल्या की गच्चीची वायर आणि चार्जर दोन्ही काढून ठेवा.

महिन्यातून एकदा मी कनेक्टर मुद्दाम उपसतो. तीन सेकंद जातात, बझर वाजतो, आणि वरून काकूंचा आवाज येतो, 'भरली का रे?'